अभंगाच्या चालीवर चर्चचे गाणे : रेव्हरंड टिळकांची नागपूरपासूनची वाट

नागपूरच्या सदर परिसरातील ऑल सेंट्स कॅथेड्रल ही शहरातील जुन्या वास्तूंपैकी एक. १८५१ मध्ये उभ्या राहिलेल्या या चर्चचा १८७९ मध्ये विस्तार झाला. विस्ताराचा आराखडा जॉर्ज फ्रेडरिक बॉडली या नामवंत इंग्रज वास्तुविशारदाचा होता. १९०३ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. छावणीतील इंग्रज अधिकारी आणि त्यांची कुटुंबे येथे उपासनेला जमत, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या मायदेशातील गाणीही येथे आली होती. दगडी कमानींखाली घुमणारे चार आवाजांतील ते गायन या प्रांतातल्या कानांना सर्वस्वी नवे होते. त्याच काळात नागपुरातच एक मराठी कवी अशा एका प्रवासाच्या उंबरठ्यावर उभा होता, की ज्यामुळे मराठी चर्चचे गाणे पुढे कायमचे बदलून गेले. त्या कवीचे नाव नारायण वामन टिळक.

मराठी वाचक टिळकांना ओळखतात ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून. ‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची कविता शाळेत शिकलेल्या अनेक पिढ्या महाराष्ट्रात आहेत. केशवसुत, विनायक, गोविंदाग्रज आणि बालकवी यांच्या बरोबरीने आधुनिक मराठी कवितेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. परंतु त्यांच्या लेखणीचा मोठा भाग ज्या कामासाठी झिजला, ते काम म्हणजे मराठी ख्रिस्ती उपासनेची गीते, हे चर्चबाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक असते.

इंग्लंडमधील चालींचे युग

टिळकांनी काय केले हे समजण्यासाठी त्यांच्यासमोर कोणते संगीत होते, ते आधी पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये चर्चसंगीताला मोठा बहर आला होता. १८६१ मध्ये ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हा स्तोत्रसंग्रह प्रसिद्ध झाला आणि पाहता पाहता इंग्रजी बोलणाऱ्या जगात सर्वत्र पोहोचला. त्याचे संगीत-संपादक विल्यम हेन्री मंक (१८२३-१८८९) हे लंडनमधील ऑर्गनवादक होते. त्यांचे समवयस्क जॉन बॅकस डाइक्स (१८२३-१८७६) हे हल शहरात जन्मलेले आणि डरहॅम येथे धर्मगुरू असलेले संगीतकार. डाइक्स यांनी सुमारे तीनशे चाली रचल्या.

ही नावे मराठी वाचकाला अपरिचित वाटली, तरी त्यांचे सूर अपरिचित नाहीत. दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये १९५० पासून वाजत आलेली आणि २०२२ मध्ये वगळण्यात आलेली ‘अबाइड विथ मी’ ही धून मंक यांची. महात्मा गांधींना प्रिय असलेले ‘लीड काइंडली लाइट’ हे स्तोत्र कार्डिनल न्यूमन यांनी १८३३ मध्ये लिहिले आणि त्याला सर्वांत लोकप्रिय चाल दिली ती डाइक्स यांनी. गांधीजींच्या प्रार्थनेत या स्तोत्राला मानाचे स्थान होते. मात्र आश्रमात सर्वांना गाता यावे म्हणून त्यांनी नरसिंहराव दिवेटिया यांच्याकडून त्याचे गुजराती रूपांतर करवून घेतले. परक्या भाषेतील प्रार्थना कितीही आवडली, तरी ती आपल्या भाषेत गावीशी वाटणे हे माणसाला किती स्वाभाविक आहे, हे यातून दिसते.

शब्द आणि चाल यांचे भांडण

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. नागपुरात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये दाखल झाले. त्यांच्याच नावाचे हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून नागपुरात उभे आहे. या साऱ्या मंडळींपुढे एक व्यावहारिक प्रश्न होता, तो म्हणजे नवख्रिस्ती मराठी माणसाने उपासनेत काय गावे? सर्वांत सोपे उत्तर म्हणजे इंग्रजी स्तोत्रांचे मराठी भाषांतर करावे आणि तेच मूळ चालीवर गावे. अनेक वर्षे तसेच झाले.

अडचण भाषांतरकारांच्या निष्ठेत नव्हती. ती दोन भाषांच्या स्वभावात होती. इंग्रजी पद्य आघातावर चालते. शब्दातील एका अवयवावर जोर येतो आणि चाल त्या जोराला धरून उठते. स्तोत्रांच्या ओळींत अवयवांची संख्या ठरलेली असते. उदाहरणार्थ, आठ-सहा-आठ-सहा असे माप अतिशय रूढ आहे. एकाच मापाची अनेक स्तोत्रे असल्यामुळे एका स्तोत्राची चाल दुसऱ्याला बेलाशक लावता येते. इंग्रजी चर्चसंगीतात चालींना स्वतंत्र नावे असतात, ती याच कारणाने.

मराठीत असा ठळक आघात नाही. येथे अक्षर लघु की गुरू, मात्रा किती, हे महत्त्वाचे. मराठी शब्द इंग्रजी चालीत बसवू गेले की ऱ्हस्व अक्षर लांबलचक स्वरावर ताणले जाते, दीर्घ अक्षर घाईने उरकावे लागते आणि शब्दाचा नको तेथे तुकडा पडतो. कानाला ते गाणे खटकते आणि अर्थ मनापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा भेद गाण्याच्या रीतीचा. इंग्रजी स्तोत्र चार भिन्न आवाजांनी एकाच वेळी गायचे असते. स्वरांच्या या मेळात त्याचे सौंदर्य आहे आणि त्यासाठी लिहिलेले स्वर वाचण्याचा सराव हवा. मराठी भजनात एकजण ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात. ध्रुपद पुन:पुन्हा येते, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर लय हळूहळू चढत जाते. ज्याला अक्षर ओळखता येत नाही, तोही दुसऱ्या फेरीला गाऊ लागतो. खेड्यापाड्यांतील ज्या समाजात तेव्हा ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहत होत्या, तेथे लिहिता-वाचता येणारे मूठभरच होते. त्यांच्यासाठी हा भेद केवळ आवडीनिवडीचा नव्हता. गाणे ऐकून तोंडी बसणारे नसेल, तर उपासनेत त्यांनी मुके राहायचे, असा त्याचा अर्थ होता.

टिळकांपूर्वी कोणी या दिशेने गेलेच नव्हते, असे नाही. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या अहमदनगरकडील ख्रिस्ती कवींनी देशी चालींवर पदे रचली होती आणि कीर्तनाचा बाजही ख्रिस्ती कथेसाठी वापरला होता. त्याच्याही फार आधी, सतराव्या शतकाच्या आरंभी, गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या स्टीफन्सने मराठीचा असा व्यासंग केला की, सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेल्यावर साष्टीतील चर्चमध्ये गायिला जाऊ लागला. चर्चसाठी रचना करणाऱ्या एका इंग्रजाने इंग्लंडमधील चाल मराठीवर न लादता मराठीची ओवी आपलीशी केली, ही घटना आजही विचार करायला लावणारी आहे. परंतु ही परंपरा गोव्याच्या कॅथलिक समाजात राहिली. एकोणिसाव्या शतकातील देशावरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांना जणू पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला.

नागपूरचे दिवस

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाईंकडून त्यांना कवितेची गोडी लागली. तिच्या अकाली मृत्यूनंतर ते घर सोडून नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ या अजरामर आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक. टिळकांचा स्वभाव एका जागी स्थिर न राहणारा. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक असे करत त्यांनी अनेक गावे पालथी घातली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या आरंभी ते नागपूरला आले. येथील धनिक आणि विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटी यांचा त्यांना आश्रय मिळाला. संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे आणि अनुवादाचे काम त्यांच्याकडे होते. ‘ऋषि’ या नावाचे, धर्मविषयक प्रश्नांची चर्चा करणारे मासिकही त्यांनी चालविले. बाहेरून पाहणाऱ्याला हा एका व्युत्पन्न ब्राह्मण पंडिताचा स्थिरस्थावर होण्याचा काळ वाटला असता. आतून मात्र त्यांची घालमेल सुरू होती. जातिभेद त्यांना पटत नव्हता. सर्वांचा पिता एक असेल, तर सर्व माणसे भावंडेच असली पाहिजेत, या विचाराशी ते येऊन ठेपले होते आणि अशा धर्माची मांडणी आपणच करावी, असेही त्यांच्या मनात घोळत होते.

१८९३ मध्ये नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. रेल्वेच्या डब्यात त्यांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. संस्कृत काव्यापासून धर्मापर्यंत गप्पा झाल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांना ‘नव्या करारा’ची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले.  टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. आपण ज्या प्रश्नांची उत्तरे शोधत होतो ती येथे आहेत, असे त्यांना वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

घराची किंमत

या निर्णयाची किंमत घरातल्या सर्वांना मोजावी लागली. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहानग्या मुलाला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या; पंढरपुरातही त्यांनी काही काळ काढला. पतीविषयीचे प्रेम आणि परंपरेविषयीची निष्ठा यांत त्यांची जी ओढाताण झाली, तिचे वर्णन ‘स्मृतिचित्रे’त कोणत्याही कडवटपणाशिवाय आले आहे. सुमारे पाच वर्षांनी त्या पतीकडे परतल्या. आरंभी त्यांनी आपले सोवळे सांभाळूनच संसार केला. जातिभेदाची व्यर्थता त्यांची त्यांना पटली, तेव्हा १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनी स्वत: बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या गीतांमागे हा सारा अनुभव उभा आहे. धर्म बदलला म्हणजे भाषा, आप्त, सण, गाणे आणि अन्न यांचाही त्याग करायचा का, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. त्या काळी ख्रिस्ती होणारा मराठी माणूस दोन्हीकडून तुटत असे. जुना समाज त्याला बाटलेला म्हणे आणि नव्या समाजात साहेबी थाट अंगीकारला तरच त्याची प्रतिष्ठा राही. टिळकांनी हे दोन्ही नाकारले. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणून सोडले, असे ते सांगत. त्यामुळे वारकरी संतांचा वारसा सोडण्याचा प्रश्नच त्यांच्या मनात उद्भवला नाही.

गीते कशी घडली?

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे मुख्य कार्यक्षेत्र अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे झाले. तेथे धर्मशिक्षणाच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले. तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांना त्यांच्याच घरी मायेचा आसरा मिळाला होता. या सर्व व्यापात गीतरचना अखंड चालू होती.

संगीतकार या शब्दाचा जो अर्थ डाइक्स किंवा मंक यांच्या संदर्भात घेतला जातो, त्या अर्थाने टिळक संगीतकार नव्हते. त्यांनी स्वरलिपीत चाली लिहून ठेवल्या नाहीत. मराठी परंपरेत कवी आणि चाल यांचे नाते निराळे असते. पद लिहिताना कवीच्या मनात एखादी रूढ चाल आधीच घोळत असते आणि छापताना गीताच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून तिचा निर्देश केला जातो. कीर्तनातील साकी-दिंडी, स्त्रियांच्या ओव्या, भजनी मंडळांतील अभंग, नाटकांतील पदे असा चालींचा मोठा साठा मराठी माणसाच्या कानांत होता. टिळकांनी त्या साठ्यावर हक्क सांगितला.

त्यांचा विशेष ओढा अभंगाकडे होता. मोठ्या अभंगात सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा चरण असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. ही रचना इतकी सैल आणि इतकी आटोपशीर आहे की, बोलण्याची भाषा तिच्यात न मोडता बसते. तुकाराम आणि नामदेव यांनी देवाशी जी सलगी केली, रुसणे, हट्ट आणि भांडण केले, त्याला हाच छंद सोयीचा ठरला. टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हटले, गुरू म्हटले, सखा म्हटले. ‘अभंगांजली’तील रचना वाचताना विठ्ठलभक्तीत वाढलेल्या वाचकाला भाव ओळखीचा वाटतो, तो यामुळेच. हा वेषांतराचा प्रकार होता असे मानणे अन्यायाचे होईल. ज्या शब्दांत ते लहानपणापासून देवाशी बोलत आले, त्याच शब्दांत ते पुढेही बोलत राहिले.

वाद्यांच्या बाबतीत इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. ज्या पेटीवाचून आज कीर्तन किंवा भजन सहसा होत नाही, ती हार्मोनियम मुळात युरोपातली. पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ याने १८४२ च्या सुमारास ती सिद्ध केली. मिशनऱ्यांनी ती चर्चमधील गायनासाठी भारतात आणली. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालविण्याजोगे तिचे रूप घडविले आणि ती घरोघर पोहोचली. म्हणजे चर्चची पेटी भजनात गेली आणि भजनाचा अभंग चर्चमध्ये आला! संस्कृतींची देवघेव कोणाची परवानगी घेऊन होत नसते, हेच खरे.

अखेरची वर्षे आणि वारसा

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोहोंनाही या बंधुसमाजात स्थान असावे, ही त्यांची कल्पना होती. चर्चमधील सर्वांनाच ती रुचली असे नाही. तिची वाढ पाहण्यास ते राहिले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य तेव्हा साडेदहा अध्यायांपर्यंतच आले होते. लग्नाच्या वेळी अक्षरओळख नसलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पूर्ण केले. १९३३ मध्ये मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदाचा मान लक्ष्मीबाईंना मिळाला. संमेलनाचे स्थळ होते नागपूर, ज्या गावातून चाळीस वर्षांपूर्वी टिळक त्या आगगाडीत बसले होते.

टिळकांच्या गीतांनी उलटा प्रवासही केला. स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांनी त्यांची काही गीते इंग्रजीत नेली आणि ती परदेशांतील स्तोत्रसंग्रहांत समाविष्ट झाली. जॅक विन्स्लो यांनी १९२३ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. इंग्लंडहून नागपूरकडे येणाऱ्या चालींच्या त्या युगात मराठी अभंगाचा आशय इंग्रजी चर्चमध्ये जाऊन पोहोचला, ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून इंग्रजी चाली मराठी चर्चमधून नाहीशा झाल्या का? तसे झालेले नाही आणि व्हावे असेही नाही. ज्या कुटुंबांत चार-पाच पिढ्या ‘अबाइड विथ मी’ अंत्यविधीला गायिले गेले, त्यांच्यासाठी ती चाल परकी राहिलेली नाही. तीही त्यांच्या सुखदु:खाचा भाग झाली आहे. ‘उपासना संगीत’ या मराठी स्तोत्रसंग्रहात भाषांतरित स्तोत्रे आणि देशी पदे शेजारी शेजारी नांदतात. मात्र भाषांतरित स्तोत्राच्या जोडीला, ज्याच्यासाठी कोणत्याही शिकवणीची गरज नाही असे गाणे मराठी ख्रिस्ती माणसाच्या हाती आले, याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर टिळकांकडे जाते.

टिळकांच्या धर्मांतराविषयी मते वेगवेगळी असू शकतील. त्यांच्या हयातीतही ती होती आणि त्यांच्या घरातही होती. परंतु भाषा ही एका धर्माची मालमत्ता नसते आणि अभंग ज्याला गावासा वाटेल त्याचा असतो, ही गोष्ट त्यांनी कोणताही वाद न घालता, केवळ गीते लिहून सिद्ध केली. मराठीच्या दृष्टीने पाहता त्यांचे हे ऋण चर्चच्या भिंतींपुरते मर्यादित राहत नाही.